तीन जावांचे घर

जावा म्हटले की आमच्या लहानपणी दोन गोष्टी डोळ्यांसमोर येत. एक म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली जावा-सुमात्रा ही जोडगोळी. आणि दुसरी म्हैसूरला तयार होणारी ती दणकट मोटारसायकल, जिचा आवाज वेशीवर झाला की डॉक्टर आले हे घरात बसून कळे. तिसरा अर्थ मात्र इतका घरातला, की त्यासाठी कोणी शब्दकोश उघडीत नाही. जाऊ या शब्दाचे अनेकवचन जावा.

चौथा अर्थ प्रथम वाचला तो पुण्यात, २००० सालाच्या आसपास. त्या वेळी शहरात दर चार घरांआड संगणकाचा एक क्लास निघाला होता आणि प्रत्येक क्लासवर पाटी होती: ‘जावा शिका’. आमच्या आत्याबाई माझ्याबरोबर मंडईकडे निघाल्या होत्या. त्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “अरे, जावा कशाला शिकवायला लागतात? त्या आपल्या आपण शिकतात, आणि वर दुसरीला शिकवतात!”

आत्याबाईंना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. पण या चौथ्या जावेच्या इतिहासात थोडे डोकावले, म्हणजे त्यांच्या शेऱ्यात बरेच तथ्य होते असे वाटू लागते. कारण हीसुद्धा एकटी जावा नव्हे; ते तीन जावांचे घर आहे. थोरली मोठ्या वाड्यात राहिली, मधली माजघरात, आणि धाकटीला वाट्याला आली ती तळहाताएवढी खोली. त्या खोलीत मावेल एवढा संसार कसा थाटावा, आणि थोरलीचे पसरलेले ऐश्वर्य त्या खोलीत कधी आणता येईल काय, याचीच ही हकिगत आहे. आपल्या सर्वांच्या खिशात आज जो मोबाइल आहे त्याचा या घराशी फार जवळचा संबंध असल्यामुळे फराळाच्या ताटाशी बसून ती वाचायला हरकत नसावी.

या घराचे मूळपुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी. ती १९८२ साली चौघांनी काढली. त्यांतले एक विनोद खोसला जन्माने पुण्याचे. (वाढले दिल्लीत आणि जावेचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीच कंपनी सोडून गेले, तेव्हा पुण्याने फार मिरवू नये हे बरे.) १९९० च्या अखेरीस त्या कंपनीतल्या पॅट्रिक नॉटन नावाच्या तरुणाने नोकरी सोडून दुसरीकडे जायचे ठरवले. कंपनीचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी त्याला रागे न भरता एवढेच सांगितले, की जाण्यापूर्वी आपले काय चुकते ते लिहून दे. त्याने हातचे न राखता लिहून दिले. निरोपाच्या चिठ्ठीतून नवा संसार उभा राहिल्याची उदाहरणे थोडी. हे त्यांतले एक. १९९१ मध्ये ‘ग्रीन’ या नावाने एक लहानशी तुकडी मुख्य कचेरीपासून दूर बसवण्यात आली. नॉटन, माइक शेरिडन आणि कॅनडातून आलेले जेम्स गॉस्लिंग ही त्यातली प्रमुख मंडळी.

त्यांना सुचलेली कल्पना आज अगदी साधी वाटते. संगणक टेबलावर फार दिवस बसणार नाही; तो दूरदर्शनच्या संचात, व्हीसीआरमध्ये, हातातल्या वस्तूंत जाऊन बसेल, असे त्यांचे अनुमान होते. पण अडचण अशी, की प्रत्येक वस्तूतली चिप निराळी आणि प्रत्येक चिपची मातृभाषा निराळी. एका चिपसाठी लिहिलेले काम दुसरीला समजत नाही. गॉस्लिंग यांनी यावर काढलेला तोडगा आपल्याला नवा नाही. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील आला म्हणजे मध्ये दुभाष्या बसत असे. तसाच प्रत्येक यंत्रात एक दुभाष्या बसवावा. कामाचा कागद सर्वांसाठी एकाच मधल्या भाषेत लिहावा, आणि तो वाचून आपल्या धन्याला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम त्या दुभाष्याने करावे. मग कागद एकदाच लिहायचा. यंत्र बदलले तरी चिंता नको; नवा दुभाष्या नेमला की झाले. या भाषेला गॉस्लिंग यांनी खिडकीबाहेरच्या ओक वृक्षावरून ओक असे नाव ठेवले.

१९९२ च्या सप्टेंबरात तेरा जणांच्या त्या तुकडीने आपली करामत दाखवली. हातात धरता येईल असे एक यंत्र. त्याला कळा नाहीत, बोटाने स्पर्श करायचा रंगीत पडदा आहे, आणि पडद्यावर एक चित्रातले घर आहे. ड्यूक नावाचे टोकदार डोक्याचे, तांबड्या नाकाचे एक पात्र या खोलीतून त्या खोलीत हिंडते आणि तुमची कामे करते. यंत्राचे नाव स्टार सेव्हन. दुसऱ्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या टेबलावरून घेण्यासाठी त्या कचेरीत तारा आणि सात या कळा दाबत, त्यावरून ते पडले होते. वाचकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवण्याची आपल्याला सवय लागण्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे ही जावा जन्मली ती तळहातासाठीच. वाड्यात तिला पुढे नेण्यात आले.

नेण्यात आले, कारण तळहाताला गिऱ्हाईक मिळेना. १९९३ मध्ये टाइम वॉर्नर या मोठ्या कंपनीला घरोघरच्या दूरदर्शनला जोडायच्या पेट्या हव्या होत्या; ते काम सिलिकॉन ग्राफिक्सने पटकावले. पुढच्याही वाटाघाटी फिसकटल्या. तुकडी मोडल्यात जमा झाली. पण त्याच सुमारास इंटरनेटवर चित्रांसह पाने दाखवणारे ब्राउझर निघाले, आणि या मंडळींच्या लक्षात आले, की नाना जातींची यंत्रे एका सूत्रात ओवलेली आहेत अशी जागा आपण शोधत होतो, ती आयतीच तयार झाली आहे. ओक हे नाव दुसऱ्या एका कंपनीने आधीच नोंदवलेले निघाले, म्हणून नवे शोधावे लागले. २३ मे १९९५ रोजी ‘जावा’ या नावाने तिची जगापुढे मुंहदिखाई झाली, आणि १९९६ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती बाहेर पडली. नाव अमेरिकेत कॉफीला म्हणतात त्या अर्थाचे. आणि कॉफीला ते मिळाले आमच्या भूगोलातल्या बेटावरून.

आता थोरल्या जावेकडे वळू. ब्राउझरच्या खिडकीत नाचणारी चित्रे दाखवणे हे जावेचे पहिले काम. पण त्यात तिचे मन रमले नाही. तिची खरी हुकमत बसली ती पडद्यामागे, पाने पुरवणाऱ्या सर्व्हरवर. पूर्वी तेथे अशी पद्धत होती, की एक पाहुणा आला की त्याच्यापुरती चूल पेटवायची, त्याला चहा द्यायचा आणि चूल विझवायची. दुसरा आला की पुन्हा काडी ओढायची. शंभर पाहुणे एकदम आले म्हणजे धुराने घर भरे. सन कंपनीतल्या पवनी दिवाणजी या बाईंनी सर्व्हलेट नावाची जी रीत आखून दिली, तिची पहिली आवृत्ती जून १९९७ मध्ये पक्की झाली. तिच्यात चूल एकदाच पेटते आणि येईल त्याला त्याच चुलीवर वाढले जाते. बँकांची, विमा कंपन्यांची, रेल्वेच्या आरक्षणासारखी अवाढव्य कामे उरकायला अशीच चूल लागते. थोरली त्या कामात रुळली ती कायमचीच.

पण स्वयंपाकघर मोठे झाले की नुसती चूल पुरत नाही, मांडणी लागते. येथे ‘फ्रेमवर्क’ हा शब्द येतो. घरी आकाशकंदील करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. कामट्यांचा सांगाडा एकदा नीट बांधून ठेवला, म्हणजे दरवर्षी फक्त कागद बदलायचा. चांदणी हवी तर चांदणी, झिरमिळ्या हव्या तर झिरमिळ्या. पाहुणा कोणत्या दाराने आला, त्याने काय मागितले, ते कोणी वाढायचे आणि कोणत्या ताटात, ही ठरलेली व्यवस्था म्हणजे सांगाडा. प्रत्येक दुकानाचा, प्रत्येक बँकेचा आपापला मजकूर म्हणजे कागद. २००० साली क्रेग मॅक्लानहन यांनी असा एक सांगाडा बांधला आणि नाव दिले स्ट्रट्स, म्हणजे टेकू. २००४ मध्ये रॉड जॉन्सन आणि त्यांच्या सोबत्यांचा स्प्रिंग आला. पुढे असे सांगाडे इतके निघाले, की नवख्या मुलाने भाषा शिकावी की सांगाड्यांची नावे पाठ करावी असा प्रश्न पडे.

वाटण्या झाल्या १९९९ मध्ये. घर एवढे वाढले होते, की एकाच चुलीवर सर्वांचे भागेना. थोरलीचे नाव ठेवले एंटरप्राइझ, मधलीचे स्टँडर्ड आणि धाकटीचे मायक्रो. धाकटीसाठी जो दुभाष्या नेमला त्याला म्हणत केव्हीएम. यातला के म्हणजे किलोबाइट. नावातच गरिबी आली. साऱ्या संसारासाठी १६० ते ५१२ किलोबाइटची जागा. पडदा किमान ९६ ठिपके रुंद आणि ५४ ठिपके उंच असला म्हणजे पुरे. आपल्या नोंदी जपून ठेवायला हक्काची जागा किती, तर निदान आठ किलोबाइट. आणि सुरुवातीच्या नियमांप्रमाणे धाकटीला अपूर्णांकच येत नव्हते! दशांशचिन्हाची सोय २००३ मध्ये आली. तोवर दुधाचे फॅट साडेतीन असेल तर ते पस्तीस म्हणून मांडायचे आणि हिशेबाच्या शेवटी दहाने भागायचे, अशी युक्ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला करावी लागे. पावली-आण्यांचे हिशेब तोंडी करणाऱ्या आमच्या आजोबांना ही युक्ती मुळीच अवघड वाटली नसती.

तिच्या काटकसरीचा आणखी एक मासला सांगितल्यावाचून राहवत नाही. दुभाष्याने कोणताही कागद वाचण्यापूर्वी तो तपासून घ्यायचा, त्यात काही घातपात नाही ना हे पाहायचे, असा जावेच्या घरचा शिरस्ता होता. मोठ्या यंत्रात हे सहज होई. पण धाकटीच्या खोलीत तपासणीला बसायलाच जागा नाही. तेव्हा असे ठरले, की धान्य सासरी पाठवण्यापूर्वी माहेरीच पाखडावे. मोठ्या संगणकावर अर्धीअधिक तपासणी उरकून कागदावर खुणा करून ठेवायच्या; मोबाइलमध्ये पोचल्यावर दुभाष्याने फक्त त्या खुणा जुळवून पाहायच्या. याच रीतीने तयार केलेले लहानसे खेळ, पंचांगे, शब्दकोश पुढे जगभरच्या कोट्यवधी फोनांत जाऊन बसले.

जपानात एनटीटी डोकोमो या कंपनीने जानेवारी २००१ मध्ये जावेचे फोन विकायला काढले, तेव्हा एका कार्यक्रमाला मर्यादा होती दहा किलोबाइटची. दहा किलोबाइट म्हणजे किती? देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला आजच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने आपण वाचत आहात त्या या लेखाचा चौथा-पाचवा हिस्सा तेवढ्या जागेत जेमतेम मावेल. जपानी मुलांनी तेवढ्यात मासेमारीचे आणि गाड्यांच्या शर्यतीचे खेळ बसवले.

मग थोरलीचा तो डौलदार सांगाडा धाकटीच्या खोलीत न्यावा असे कोणाला वाटले नाही काय? वाटले, पण जागा पाहून सगळे गप्प बसले. नुसता स्ट्रट्सचा सांगाडा आणि त्याचा गोतावळा आणायचा म्हटला तरी धाकटीचे छप्पर उडून गेले असते. म्हणून दोघींनी कामे वाटून घेतली. सांगाडा वाड्यातच राहावा, आणि धाकटीने तेथून वाढून आलेले ताट पाहुण्यापुढे ठेवावे. दोन घरांमधले दारही एकच होते. मायक्रोच्या पहिल्या नियमांत बाहेरच्या जगाशी बोलण्याची एकच वाट सक्तीची होती, ती म्हणजे एचटीटीपी, जी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली नेहमीची वहिवाट. पण या दारातून जाण्यायेण्याला किलोबाइटच्या हिशेबाने पैसे पडत. शिवाय एसटी घाटात शिरली की दार बंद.

या वाटणीतून निघालेली सर्वांत हुशार गोष्ट नॉर्वेची. ऑपेरा या कंपनीने २००५ मध्ये आपल्या देशात आणि २००६ च्या जानेवारीत जगभर ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर दिला. धाकट्या जावेत लिहिलेला हा ब्राउझर वस्तुतः अर्धाच होता. मोबाइल फक्त मागणी करी. सर्व्हर ते पान आणून, सोलून, दाबून त्याची लहानशी पुरचुंडी बांधून पाठवी. मोबाइल ती सोडून पडद्यावर मांडी. स्वस्तातल्या फोनावर सबंध इंटरनेट उघडू लागले ते असे. भारतात हा अर्धा ब्राउझर फार लोकप्रिय झाला.

येथे मला माझी स्वतःची एक आठवण सांगितली पाहिजे. २०१० च्या सुमारास माझ्याकडे एक साधा, कळांचा फोन होता. त्यावर मराठी वर्तमानपत्र उघडले, की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. ओळीच्या ओळी चौकोन. जणू कोणी रांगोळीचे ठिपके काढून रेषा ओढायला विसरले. मौज अशी, की जावेला देवनागरी पहिल्या दिवसापासून येत होती. तिच्या घरात अक्षर ठेवण्याचा डबाच मुळी युनिकोडच्या मापाचा केलेला. आणि १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला घर मिळाले होते. म्हणजे ‘ज्ञ’ हे अक्षर फोनात सुखरूप येऊन पोचत होते. पण ते काढून दाखवायला फोनात वळणच नव्हते. फोन बनवणाऱ्याने देवनागरीचा फाँट घातला नव्हता. पत्र पोचले, पण वाचून दाखवणारा पोस्टमन परगावचा, अशी गत.

मग भाच्याने मला युक्ती शिकवली. त्याला ती कॉलेजातल्या मित्राकडून मिळाली होती, आणि त्याला आणखी कोणाकडून. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी एक ठरावीक शब्द लिहायचा. एक गुप्त यादी उघडते. तिच्या तळाशी किचकट लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरायची का असा प्रश्न असतो. तेथे होय म्हणायचे. बस्स. त्यानंतर दूरदेशीचा सर्व्हर प्रत्येक मराठी शब्दाचे चित्र काढून पाठवू लागे. पान उघडायला वेळ लागे आणि पैसेही थोडे अधिक जात. पण त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर उभे राहून मी संपूर्ण अग्रलेख वाचला. अग्रलेख कशावर होता ते आठवत नाही. जोडाक्षरे मात्र अजून डोळ्यांपुढे आहेत. आत्याबाईंना तो पडदा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून वाचले आणि विचारले, “म्हणजे हे लिहिलेले नाही, काढलेले आहे होय?” इतका नेमका प्रश्न मला क्लासच्या मास्तरांकडूनही ऐकायला मिळाला नव्हता.

धाकटीच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम कोणते म्हणाल, तर मी खेळांकडे किंवा ब्राउझरकडे बोट दाखवणार नाही. २००८ च्या आसपास टांझानियात खेड्यापाड्यांत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हाती साध्या जावेचे फोन देण्यात आले. अमेरिकेतल्या डिमागी या कंपनीने केलेल्या त्या कार्यक्रमाचे नाव कॉमकेअर, आणि त्याच्या पोटात होता जावारोझा नावाचा एक लहानसा सांगाडा. काम साधे. गरोदर बाई कितव्या महिन्यात आहे, ताप आहे का, मूल आईचे दूध पिते का, असे प्रश्न एकामागून एक पडद्यावर यावेत. एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरावा. आणि सारे फोनातच जपून ठेवून, जेव्हा दार उघडेल तेव्हा थोरलीकडे पाठवावे. येथे सांगाडा धाकटीच्या खोलीत आला. थोरलीच्या अवजड सांगाड्याशी त्याचे नाते नव्हते. तो त्या खोलीचे माप घेऊनच बांधलेला होता. ज्या गावात दिवसचे दिवस रेंज नसते, तेथे वाढून आलेल्या ताटावर विसंबता येत नाही. थोडे दळणकांडण घरातच करावे लागते.

इकडे काळ बदलत होता. २००७ साली ॲपलचा आयफोन आला. त्यात जावेला उंबरठाही ओलांडू दिला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गूगलने अँड्रॉइडची घोषणा केली. येथे मात्र मोठा चमत्कारिक प्रकार घडला. लिहायची भाषा जावेची. पण दुभाष्या सनचा नव्हे. तो डॅन बॉर्नस्टीन यांनी नव्याने घडवला आणि आइसलँडमधल्या डाल्विक गावाचे नाव त्याला दिले. जावेच्या रीतीने तयार झालेला कागद पुन्हा एकदा निराळ्या लिपीत उतरवून घेतल्याशिवाय हा दुभाष्या वाचत नसे. म्हणजे सून आली ती जावेचीच साडी नेसून, माहेर निराळे.

नव्या फोनात जागा ऐसपैस होती, आणि आजवर दबलेली हौस लगेच उसळली. ऑस्ट्रेलियात ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ पासून जेटी नावाचा जावेचा वेब सर्व्हर वाढवत आणला होता. अँड्रॉइड येताच त्यांच्या मंडळींनी तो आय-जेटी या नावाने मोबाइलमध्ये बसवून दाखवला. म्हणजे थोरलीची ती सदा पेटलेली चूल आता तळहातावर. तुम्ही घरातल्या संगणकावरून आपल्याच फोनाचा पत्ता टाकायचा, आणि फोन पान वाढून देणार: हे तुमचे फोननंबर, ही तुमची छायाचित्रे. पाहणारे थक्क झाले. पण सांगाडे आणू म्हटले तेव्हा खरी कुरबूर सुरू झाली. स्प्रिंगसारखे मोठे सांगाडे काही पदार्थ आयत्या वेळी, पाहुणा दारात आल्यावर घडवतात; म्हणजे चालता चालता जावेच्या लिपीत नवे कागद लिहितात. डाल्विकला तर ती लिपीच वाचता येत नव्हती. दुसरी अडचण पत्त्याची. ज्याच्या दारी पाहुणे यायचे त्याचे घर एका जागी हवे. मोबाइल कंपनीच्या जाळ्यातल्या फोनाला बहुधा स्वतःचा असा जगजाहीर पत्ता नसतो. तो बिऱ्हाड बदलत हिंडतो. आणि तिसरी अडचण बॅटरीची: चूल रात्रंदिवस पेटती ठेवायची तर लाकडे कोठून आणायची? एका फोनातून दुसऱ्या जगाला पाने पुरवण्याचा तो खटाटोप म्हणून हौशी लोकांपुरता राहिला.

पण घरात खरी जुंपली ती वारशावरून. २०१० च्या जानेवारीत ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. एप्रिलमध्ये गॉस्लिंग यांनी घर सोडले, आणि ऑगस्टात ओरॅकलने गूगलवर फिर्याद ठोकली, की आमच्या जावेची आज्ञावली तुम्ही उचललीत. भांडण होते सुमारे साडेअकरा हजार ओळींचे. आणि त्या ओळी तरी कसल्या, तर कोणत्या कामाला कोणत्या नावाने हाक मारायची ते सांगणाऱ्या. एखादीने सासूबाईंच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या आपल्या डब्यांवर लावाव्या, हळद, हिंग, मोहरी याच क्रमाने. आतला मसाला मात्र स्वतः कुटावा. यात चोरी झाली काय? अकरा वर्षे हा खटला वर-खाली होत राहिला. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. हा वापर न्याय्य आहे असे ठरवले. माझे मत विचाराल तर निकाल योग्यच झाला. चिठ्ठ्यांवर मालकी सांगू लागले तर कोणत्याही सुनेला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येणार नाही. अर्थात ओरॅकलच्या वकिलांना हे पटणार नाही, आणि आमच्या आत्याबाईंनाही पटले नसते. त्यांच्या डब्यांना कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

तोवर खालच्या आळीत धाकटीचे दिवस भरत आले होते. नोकियाच्या जुन्या फोनांवरचे व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झाले आणि कित्येकांनी तेव्हाच तो फोन कायमचा कपाटात टाकला. सिमकार्डात मात्र अजून जावेचेच एक तान्हे भावंड नांदते आहे. जावा कार्ड म्हणतात त्याला. नखाएवढ्या चिपमध्ये बसलेला हा दुभाष्या कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि म्हणून त्याच्याशी कोणी भांडतही नाही.

जावारोझाचे पुढे काय झाले? तो सांगाडा अँड्रॉइडवर आला. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या ओडीके या सर्वेक्षणाच्या साधनाने तो उचलला, आणि कॉमकेअरही नव्या फोनांवर गेले. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांच्या हाती पोषण अभियानात जे मोबाइल आले, त्यांतला कार्यक्रम याच कॉमकेअरच्या कुळातला होता. मुलांची वजने, उंची, आहार, गृहभेटी, सारे त्यात भरायचे. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्याच्या जागी पोषण ट्रॅकर हा नवा कार्यक्रम आणला. तो इंग्रजीत होता, आणि हातातले फोन त्याच्या मानाने अशक्त. भरलेली माहिती जाईना. फोन तापून बंद पडे. त्या ऑगस्टात राज्यातल्या हजारो सेविकांनी आपले मोबाइल सरकारला परत केले. आम्हांला मराठीत काम द्या आणि चालणारा फोन द्या, एवढीच त्यांची मागणी होती. कोर्टकचेरीही झाली. पुढे त्या कार्यक्रमात मराठी आली.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा आमच्या आळीतल्या अंगणवाडीच्या बाईंकडे सहज डोकावलो. भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या पणत्या चिकटवल्या होत्या. एका आईने वर्षाची मुलगी वजनकाट्यावर ठेवली. मुलीने भोकाड पसरले. बाईंच्या एका हाताशी मोबाइल होता आणि दुसऱ्या हाताशी लांबट, कडा दुमडलेली वही. दोन्हींत भरता का, असे मी विचारले. “रेंज नसली तर हा ठेवून घेतो आणि मग पाठवतो,” त्या मोबाइलकडे पाहून म्हणाल्या, “पण वहीची सवय आहे.” काटा स्थिर झाला. बाईंनी वहीत ८.४ लिहिले, आणि मग तेच बोटाने पडद्यावर.